मुखदर्शनाचा सर्व्हर

शिवानंदला एखादं काम सांगितलं की तो आधी त्या कामाचं नियोजन करतो, आणि ते नियोजन इतकं देखणं होतं की पुढं काम करायची गरजच कुणाला वाटेनाशी होते. गडी मूळचा अणदूरचा, चाळिशी उलटलेला, पोटानं थोडा पुढं आणि केसांनी बराच मागं गेलेला. तुळजापुरात बसस्टँडच्या मागच्या अंगाला हरणाबाईंचं भक्तनिवास आहे, तिथं तो संगणकाचं सगळं बघतो. बघतो म्हणजे जिन्याखालच्या खोलीत एक काळा डबा घरघरत असतो, त्याला सर्व्हर म्हणतात, त्या डब्यासमोर बसून चहा पितो.

पण डब्याला कमी लेखू नका. भक्तनिवासातल्या झाडून सगळ्या खोल्यांची खबर त्याच्या पोटात. कोण आलं, कोण गेलं, पुढच्या मंगळवारी सोलापूरकडून कुठली मंडळी यायची आहेत, सगळं. एकदा उन्हाळ्यात तो बंद पडला होता, तेव्हा कुठली खोली रिकामी आणि कुठली भरलेली हे दारं ठोठावून विचारावं लागलं. दर्शनाच्या रांगेत उभं राहून दमलेल्या माणसाचं दार भलत्या वेळी ठोठावलं की तो काय बोलतो, ते इथं सांगण्याजोगं नाही.

तर त्या डब्यातलं सॉफ्टवेअर म्हातारं झालं. ते बनवणाऱ्या कंपनीनं कळवून टाकलं की नवरात्रापासून जुन्या व्हर्जनशी आमचा संबंध संपला, नवं घ्या, नाहीतर तुमचं ऑनलाइन बुकिंग बंद. आता तुळजापुरात नवरात्रात बुकिंग बंद ठेवणं म्हणजे पंगत बसल्यावर चूल विझवणं. दुसरा कुणी असता तर घाबरला असता. शिवानंदला मात्र आनंद झाला. इतकं मोठं नियोजन त्याच्या वाट्याला आजवर आलं नव्हतं.

त्यानं ते केलंही झकास, उगाच नावं ठेवायची नाहीत. नवं मशीन आणायचं, जुन्यातलं सगळं त्यात उतरवून घ्यायचं, थोडे दिवस दोन्ही शेजारीशेजारी चालवायची, मग एक दिवस ठरवून जुनं थांबवायचं आणि काउंटर नव्यावर न्यायचा. बिघडलंच काही तर परत जुन्यावर यायची वाट मोकळी ठेवायची. याला तो ‘मायग्रेशन’ म्हणायचा, आणि हा शब्द उच्चारताना थोडी छाती पुढं काढायचा. समोरच्या प्रसादाच्या दुकानदाराला त्यानं ते इतक्या वेळा समजावून सांगितलं होतं की तो बिचारा शिवानंदला येताना पाहिलं की पेढे मोजायला लागायचा.

अडचण एकच होती. अडचणीचं नाव हरणाबाई.

हरणाबाईंना सगळं भक्तनिवास आक्का म्हणतं. मालक गेले त्यानंतर आक्का काउंटरवरच्या खुर्चीत जाऊन बसल्या, त्या आजतागायत उठल्या नाहीत. वय झालं, गुडघे कुरकुरायला लागले, मुलगा सोलापूरला ट्रॅव्हल्सच्या धंद्यात रमला, सून अर्पिता हिशेबाला आणि चाव्यांना तरबेज झाली, तरी आलेल्या माणसाला खोली देणार आक्काच. माणूस दारात दिसला की त्या नुसत्या बघून ओळखायच्या, की हे लेकराबाळांचं आहे, ह्येंना खालची खोली. ह्यो पहाटे अभिषेकाला जाणार, ह्येला दाराजवळची. आणि हे पोरगं-पोरगी घरी न सांगता आलेत, ह्येंना आधी चहा, मग चौकशी.

आणि आक्कांना वाचता येत नव्हतं.

हे सगळ्यांना ठाऊक होतं. अर्पिताला, शिवानंदला, झाडणाऱ्या बाईला, दूधवाल्याला. पण ते कुणी बोलत नसे. समोर कागद आला की आक्का म्हणायच्या, “चष्मा आत राहिला बघ, तूच वाच.” समोरचा लगेच वाचायचा. त्याच आक्का त्या न सापडणाऱ्या चष्म्याशिवाय रस्त्यापलीकडचा खिसेकापू हेरायच्या, ती गोष्ट वेगळी. जुन्या सॉफ्टवेअरवर त्यांचं काहीच अडत नव्हतं. पडद्यावर खोल्यांच्या चौकोनी खिडक्या, जशा मजल्यावर तशाच ओळीनं मांडलेल्या. हिरवी रिकामी, लाल भरलेली, पिवळी झाडायची राहिलेली. आक्का खिडकीवर बोट ठेवायच्या, ती लाल व्हायची, त्या खोलीचा नंबर आणि पाहुण्याचं नाव-गाव मोठ्यानं सांगायच्या, ते आतून कुणीतरी टाइप करायचं. झालं.

नव्या व्हर्जनमध्ये रंग गेले आणि अक्षरं आली. खोल्यांची नुसती यादी, यादीच्या पोटात यादी, प्रत्येक ठिकाणी वाचायचं आणि निवडायचं. शिवानंदनं कंपनीला फोन करून विनवलं की बाबांनो, आमच्या त्या खिडक्या तेवढ्या द्या. तिकडून मुलगी गोड आवाजात म्हणाली, “सर, ते पुढच्या व्हर्जनमध्ये येईल.”

म्हणजे मायग्रेशन झालं की आक्कांची खुर्ची गेली. शिवानंदला हे कळत होतं, अर्पिताला कळत होतं, आणि आक्कांना तर सगळ्यांच्या आधी कळलं होतं. म्हणून तर त्यांनी लढाई सुरू केली.

श्रावणात त्या म्हणाल्या, “आता गर्दी लई हाय, आता न्हाय.” पोळ्याच्या आधी म्हणाल्या, “पोळा होऊ दे.” मग गणपती. गणपतीत नवं मशीन दारात आलं तेव्हा शिवानंदनं डाव टाकला. महालक्ष्म्या बसल्या होत्या, त्यानं आक्कांच्याच हातानं मशीनला हळदीकुंकू वाहून घेतलं, नारळ फोडला, बटण दाबलं आणि गपचूप जुन्यातलं सगळं त्यात उतरवायला लागला. आक्कांना वाटलं नुसती पूजा झाली.

पुढं देवी मंचकी निद्रेला जायचे दिवस आले. नवरात्राच्या आधी आई भवानी पलंगावर झोपते ते आठवडाभर, तेव्हा गावाला जरा श्वास मिळतो. त्यातून पितृपक्ष, लग्नकार्यं बंद. वर्षात असा निवांत काळ परत मिळायचा नाही. शिवानंदनं येऊन सांगितलं, “आक्का, हाच मोका हाय. देवी उठायच्या आत उरकून टाकतो.”

आक्का अडकित्ता खाली ठेवून म्हणाल्या, “पितृपक्षात नवं काम? डोकं ठिकाणावर हाय का तुझं?”

“नवं कुठलं, आक्का? नवं तर महालक्ष्म्यांतच चालू झालंय. तुमीच की कुंकू लावलं. आता फक्त जुनं थांबवायचं. थांबवायला कशाला मुहूर्त लागतोय?”

आक्का त्याच्याकडं बघतच राहिल्या. ज्या माणसाला आजवर चहाचा कप धुवायला जमलं नाही, त्यानं आपल्याला असं कोंडीत धरावं याचं त्यांना कौतुकही वाटलं असावं. “कर बाबा,” त्या म्हणाल्या, “तुज्या मनासारखं कर.” आणि सुपारी कातरायला लागल्या.

आता खरी पंचाईत. त्या दुपारी अर्पिता जिन्याखालच्या खोलीत आली. “शिवानंदभाऊ, आत्याबाई तर काउंटरवर बसणारच.”

“बसणारच की.”

“आणि नव्यावर त्यांना जरा…”

“जरा, व्हय.”

“म्हणजे चष्म्याचं…”

“चष्म्याचंच म्हणतो मी.”

दोघं असे बराच वेळ चष्म्याभोवती फिरत राहिले. अरे, काय जात होतं तुमचं? जाऊन शेजारी बसायचं आणि सांगायचं, आक्का, इथं असं लिहिलंय, इथं असं दाबायचं. पण नाही! आमच्याकडं मोठ्या माणसाला तोंडावर ‘तुम्हाला हे येत नाही’ म्हणणं म्हणजे चपला घालून देवघरात शिरणं. त्यापेक्षा आम्ही दुसरा सर्व्हर उभा करू.

आणि खरंच तेच केलं त्यांनी. शिवानंदच्या डोक्यातून निघालेली ती सगळ्यात चतुर आणि सगळ्यात पाजी कल्पना. जुनं थांबवायचंच नाही. त्याची इंटरनेटची वायर काढायची, आणि एकट्या आक्कांच्या पडद्यापुरतं ते चालू ठेवायचं. आक्का आपल्या हिरव्या-लाल खिडक्या दाबत बसतील, नाव मोठ्यानं सांगतील, ते ऐकून शिवानंद आतल्या खोलीत नव्यावर नोंदवेल. खरा कारभार आत, बाहेर नुसता देखावा. अर्पिताला आधी पटेना. मग तिला हसू आलं. “म्हणजे आत्याबाईंना मुखदर्शनाच्या रांगेत उभं करायचं,” ती म्हणाली. “लांबून बघायचं, आत जायचं नाही.” ते नाव चिकटलं. दोघंही आपापसांत त्या जुन्या डब्याला मुखदर्शनाचा सर्व्हर म्हणायला लागले.

ठरल्या दिवशी सकाळी बदल झाला. काही जळलं नाही, काही बुडालं नाही, शिवानंदचा विश्वासच बसेना. आक्का स्नान करून, कुंकू लावून येऊन खुर्चीत बसल्या. पडदा नेहमीसारखा. लातूरकडची एक जोडी आली. आक्कांनी खिडकी दाबली, लाल झाली, “खोली सात, गौरीशंकर, औसा,” म्हणून हाक दिली. आत शिवानंदनं टाइप केलं. जमलं की!

फक्त एक गोष्ट त्याच्या नियोजनात बसली नव्हती. पूर्वी ऑनलाइन बुकिंग आलं की आक्कांच्या पडद्यावर टिंग व्हायचं आणि एखादी खिडकी आपोआप लाल व्हायची. आता वायरच काढलेली, टिंग कुठून होणार? आत नव्यावर बुकिंग आलं, तसा शिवानंद दचकला. ती खोली आक्कांनी दुसऱ्या कुणाला देऊन टाकली तर? तो धावत बाहेर आला. हाताला लागलं ते फडकं उचललं आणि “पडद्यावर धूळ बसली बघा आक्का,” म्हणत पुसता-पुसता ती खिडकी हळूच दाबून लाल केली.

थोड्या वेळानं आणखी एक बुकिंग. परत फडकं. परत धूळ. मग आणखी एक. दुपारपर्यंत आक्कांचा पडदा असा लखलखायला लागला की त्यात वेणी घालावी.

या माणसानं जन्मात कधी काही पुसलेलं आक्कांनी पाहिलं नव्हतं. त्यांनी एकदा जिन्याखालच्या खोलीकडं पाहिलं, जिथं जुनं थांबवलंय म्हटल्यावर एकच डबा हवा होता, तिथं दोन घरघरत होते. एकदा पडद्याकडं पाहिलं. मग सुपारीचं खांड तोंडात टाकलं आणि शांत बसल्या. शिवानंदला ती शांतता समाधानाची वाटली. काय म्हणावं या माणसाला!

जेवणं झाली. अर्पिता वर कपडे वाळत घालायला गेली. आत शिवानंदचे डोळे मिटायला लागले होते, तेवढ्यात बाहेरून खणखणीत हाक आली. “खोली पाच. विठाबाई, काक्रंबा. आधार मागाहून.”

शिवानंदनं टाइप केलं.

“खोली सहा. धोंडाबाई, गाव तीर्थ. आधार मागाहून.”

टाइप केलं. मनात म्हणाला, पितृपक्षातसुद्धा बरी माणसं यायला लागली. मग हाकांचा सपाटाच लागला. खोली आठ, खोली नऊ, वरच्या मजल्याची सगळी ओळ. कुणी काटीचं, कुणी सावरगावचं, कुणी एकटं, कुणी जोडीनं. शिवानंदची बोटं घामेजली. “खोली चार,” आक्का म्हणाल्या, “महारुद्र, अणदूर. एकटेच हायत.” शिवानंदनं घाईत, नावाकडं लक्ष न देता तेही टाइप केलं, बटण दाबलं, आणि पुढच्या हाकेची वाट बघत बसला.

पुढची हाक आली नाही. आली ती अर्पिता, जिन्यावरून धडाधडा उतरत, हातात मोबाइल. “शिवानंदभाऊ, ऑनलाइनवर आपलं सगळं फुल दाखवतंय! एवढी माणसं आली कधी? मी तर गच्चीतून बघतेय, रस्त्यावर कुत्रंसुद्धा नाही.”

दोघं बाहेर आले. काउंटरसमोर ईट गावाहून आलेलं एक कुटुंब उभं होतं. म्हातारा, म्हातारी, लेक, सून, पिशव्या. आक्का त्यांना शांतपणे सांगत होत्या, “जागा न्हाय हो. समद्या खोल्या भरल्यात.”

म्हाताऱ्यानं आक्कांच्या मागच्या फळीकडं बोट दाखवलं. “बाई, चाव्या तर बहुतेक समद्या टांगल्यात की.”

टांगल्याच होत्या. सकाळच्या गिऱ्हाइकांच्या सोडल्या तर सगळ्या जागच्या जागी.

शिवानंदनं विचारलं, “आक्का, ते खोली चारचे… महारुद्र, अणदूर…”

“तुजा बाप,” आक्का म्हणाल्या. “पितृपक्ष हाय. आला आसंल. पाचला माजी सासू हाय, सहाला तिची जाऊ. वरच्या मजल्यावर समदी आमची गेलेली माणसं ठिवलीत. का रं? तुज्या त्या आतल्या यंत्रानं घेतली न्हाईत व्हय?”

यंत्रानं सगळी बिनतक्रार घेतली होती. अर्पितानं पदराचं टोक तोंडाला लावलं, हसू दाबायला का रडू, तिचं तिलाच कळेना.

“आक्का, चुकलो,” शिवानंद म्हणाला.

“चुकलास कशाचा? चांगला पडदा पुसलालास की सकाळधरनं.” मग आक्कांचा आवाज बदलला. “तुजा बाप इथं माज्या शेजारी बसायचा, तू शाळंत व्हतास तवा. बँकेचा कागद आला की म्या म्हणायची, चष्मा राहिला. त्यो म्हणायचा, आक्का, चष्म्याचं ऱ्हाऊ द्या, ऐका. आन् वाचायचा. वाईट आसलं तरी वाचायचा, माज्या दिराचं शिव्या घातलेलं पत्रसुदिक वाचलं त्यानं, शिव्यांसगट. खोटा कागद कधी म्होरं ठिवला न्हाय. तू मला खेळणं दिलंस, शिवा. लेकरू मधी मधी येऊ नये म्हणून देत्यात तसं.”

शिवानंदला आता जमीन दुभंगली असती तरी चाललं असतं. दुभंगली नाही. ईटचं कुटुंब पिशव्या खाली ठेवून नीट बघत उभं राहिलं, त्यांनाही आता खोलीची घाई दिसेना.

आक्का खुर्चीत ताठ बसल्या आणि भरल्या काउंटरसमोर, परक्या माणसांच्या देखत, मोठ्यानं म्हणाल्या, “मला वाचता येत न्हाय.”

“असं काय बोलता आत्याबाई,” अर्पिता सवयीनं म्हणून गेली, “चष्मा तेवढा…”

“गप गं. चष्मा न्हवताच कधी. वाचता येत न्हाय म्हणलं की न्हाय. आता ह्ये जुनं भूत न्या हितनं, आन् ते खरं म्होरं आणा. कुठं काय लिवलंय ते शिवा मला सांगंल. धा येळा इचारीन. धा येळा सांगंल.”

“शंभर येळा सांगतो,” शिवानंद म्हणाला, आणि ते त्यानं पहिल्यांदाच कसलंही नियोजन न करता म्हटलं.

मुखदर्शनाचा सर्व्हर तिथल्या तिथं बंद झाला. नवा पडदा आक्कांपुढं आला. त्यांनी तो वरपासून खालपर्यंत पाहिला, जशा त्या दारात आलेल्या माणसाला पाहतात. “ह्ये काय इचारतंय?”

“कोण बसलंय ते. आपलं नाव निवडायचं, मग आत घेतंय.”

“कुणाकुणाची हायत नावं?”

शिवानंद हळूच म्हणाला, “माजं. आन् वहिनींचं.”

“आन् माजं?”

“न्हाय टाकलं.”

भक्तनिवास आक्कांचं, दारावरची पाटी आक्कांच्या नावाची, आणि इतक्या महिन्यांच्या त्या देखण्या नियोजनात आक्कांचं नाव टाकायची एक ओळ नव्हती. शिवानंदचे डोळे भरून आले. त्यानं खाली मान घालूनच टाइप केलं.

“ह्ये बघा. हरणाबाई.”

आक्कांनी त्या अक्षरांवर बोट ठेवलं, जसं खिडकीवर ठेवायच्या. “लहानच हाय की,” त्या म्हणाल्या. “म्होरं?”

“आता पासवर्ड पायजे.”

“त्यो काय आसतोय?”

“एक आशी गोष्ट, आक्का, जी फक्त तुमाला ठाऊक. दुसऱ्या कुणाला म्हणजे कुणालाच ठाऊक न्हाय.”

आक्कांनी त्याच्याकडं पाहिलं, अर्पिताकडं पाहिलं, ईटच्या म्हाताऱ्याकडं पाहिलं, आणि त्यांना जे हसू आलं ते आवरेचना.

“आशी एकच व्हती रं माज्याजवळ,” त्या म्हणाल्या, “आन् ती आत्ताच समद्यांम्होरं सांगून बसले.”